गेटाबाहेरची टपरी : गिऱ्हाईक, वय वर्षं पंधरा

कोल्हापुरात मिसळीचं परीक्षण कुणालाही लिहिता येतं. कट किती जाळ, फरसाण कुठलं, सोबत ब्रेड की पाव, यावर पानंच्या पानं भरतात. शाळा-कॉलेजच्या गेटाबाहेरच्या पानटपरीकडे मात्र दुकान म्हणून बारकाईनं कुणी बघत नाही. बघायला हवं, कारण नवं गिऱ्हाईक तयार करायचं काम हे खोकं ज्या सफाईनं करतं, ती मोठमोठ्या शोरूमना जमत नाही.

पान कसं लागतं हा इथं प्रश्न नाही. नववी ते बारावीतला, अजून एकही झुरका न मारलेला मुलगा गिऱ्हाईक म्हणून धरायचा आणि हे दुकान त्याला कोणकोणत्या सोयी देतं ते तपासायचं. अमुक एका टपरीचं नाव घेण्यात मतलब नाही. राजारामपुरीतल्या क्लासच्या गल्ल्या असोत, पेठेतला शाळेमागचा बोळ असो की हायवेलगतच्या कॉलेजचा फाटा असो, थोड्याफार फरकानं नमुना तोच.

आधी जागा. खोकं असतं चार बाय चार फुटांचं, पण खरं दुकान खोक्याबाहेर असतं. स्टँडवर लावलेल्या दोन गाड्या, एखादं झाड, शेजारी चहाचा गाडा आणि बुड टेकायला कट्टा. दोन क्लासच्या मधली वीस मिनिटं काढायला मुलाला गावात दुसरी जागा नसते. हॉटेलात बसलं की ऑर्डर द्यावी लागते, बागेत वॉचमन हटकतो, क्लासच्या दारात गर्दी करू देत नाहीत. टपरीवर ‘का उभा आहेस’ असं कुणी विचारत नाही. मुलगा तिथं पहिल्यांदा येतो तो तंबाखूसाठी येत नाही, उभं राहण्यासाठी येतो. जागेला पाचपैकी पाच गुण द्यावेच लागतात, आणि इथून पुढचं सगळं त्या पाच गुणांवर चालतं.

दुसरी गोष्ट पालकांच्या ध्यानात सहसा येत नाही. पहिली सिगारेट विकत घेतलेली नसते, ती हातात आलेली असते. तिघा-चौघांची कॉन्ट्री, एक सिगारेट, ती हातोहात फिरते आणि नवख्याच्या पुढ्यात येते. ‘घे की रं, काय हुतंय?’ एवढंच वाक्य. त्या क्षणी नाही म्हणण्याची किंमत हो म्हणण्यापेक्षा जास्त असते, कारण नाही म्हटलं की त्या घोळक्यात उभं राहण्याचा हक्कच जातो असं वाटतं. दुकानदाराला फुकट नमुने वाटायची गरज पडत नाही, मित्रच ते काम करतात. त्यात घोळक्यातला एक दोन-तीन वर्षांनी मोठा असला, तालमीतला, मंडळातला किंवा फुटबॉल टीममधला, तर त्याच्या हातातली सिगारेट ‘आता मी लहान नाही’ याची पावती होऊन बसते. घरात वडील किंवा थोरला भाऊ ओढत असेल तर निम्मं काम आधीच झालेलं असतं. धोका माहीत नसतो असं नव्हे, रोज बघून बघून तो धोका वाटत नाही.

टपरीवर उभं राहिल्यानं आणखी एक गंमत होते. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के मुलं कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होती. म्हणजे दहातली नऊ मुलं वापरत नव्हती. पण ती नऊ टपरीवर दिसत नाहीत. ती घरी, मैदानावर, लायब्ररीत असतात. टपरीवर उभ्या असलेल्या मुलाला दिसतात ती ओढणारीच, आणि त्याचा ग्रह होतो की ‘सगळीच ओढतात’. दुकानाची ही अशी जाहिरात आहे की तिला बोर्ड लागत नाही. जाता जाता : त्याच सर्वेक्षणात मुलगे 9.6 आणि मुली 7.4 टक्के होत्या. ‘हा पोरांचा प्रश्न’ म्हणून मुलींच्या शाळा बिनघोर राहतात, ते चूक आहे. मुली टपरीवर उभ्या राहत नाहीत एवढंच.

आता माल. धूर पहिल्यांदा आत गेला की शरीर तो नाकारतं. ठसका, गरगर, तोंडाला पाणी, कधी उलटी. खरं तर प्रकरण तिथंच संपायला हवं. ते संपू नये याची सोय मालातच केलेली असते. मेंथॉलच्या सिगारेटी घशाला थंडावा देतात, धुराची खरखर झाकतात, त्यामुळे नवखाही खोल ओढू शकतो. फिल्टरमध्ये गोळी असलेला प्रकार तर आणखी चलाख. बोटांनी दाबली की ‘टक्’ असा आवाज होतो आणि पुदिना किंवा पानाची चव उतरते. पोरांना त्या टक्चंच जास्त आकर्षण असतं, खेळणं मिळाल्यासारखं. चवीनं धुरातलं निकोटीन, डांबर किंवा कार्बन मोनॉक्साइड काडीइतकंही कमी होत नाही. बारीक, आखूड सिगारेट ‘लाइट’ असते हाही गैरसमज. आपल्याकडे सिगारेटवरचा कर लांबीवर ठरत आला आहे, म्हणून 64, 69, 74, 84 मिलीमीटर अशी मापं बाजारात आहेत. आखूड सिगारेट स्वस्त पडते ती करामुळे, सौम्य असते म्हणून नव्हे.

या दुकानाचं सगळ्यात यशस्वी उत्पादन विचाराल तर सुटी सिगारेट. अख्खं पाकीट घ्यायचं म्हटलं की पंधरा वर्षांच्या मुलाचा आठवड्याचा पॉकेटमनी संपतो, शिवाय ते लपवायचं कुठं हा प्रश्न असतोच. सुटी सिगारेट वडापावच्या हिशेबात बसते आणि तिथंच जळून संपते. तिसरा फायदा दुकानाचा. पाकिटाच्या दर्शनी बाजूंच्या 85 टक्के भागावर अंगावर काटा आणणारं चित्र आणि इशारा छापणं सक्तीचं आहे, 2018 पासून त्यावर व्यसन सोडण्याच्या हेल्पलाइनचा नंबरही असतो. सुटी घेणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. पाकीट राहतं पानवाल्याच्या गल्ल्याशेजारी, मुलाच्या हातात येते नुसती पांढरी कांडी. नेमक्या याच कारणासाठी महाराष्ट्रानं सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्या विकायला बंदी घातली. बंदी कागदावर ठणठणीत आहे. टपरीवर मात्र ‘एक दे’ म्हटलं की एक मिळते. दुकानदाराचं गणितही समजून घ्यायला हवं. पाकिटावरचं कमिशन तुटपुंजं असतं, सुट्या विक्रीत दर सिगारेटमागे रुपया-दोन रुपये वर सुटतात आणि गिऱ्हाईक दिवसातून तीनदा येतं. चहाचे पैसेही त्यातच निघतात.

पूरक सेवा उत्तम. खिळ्याला दोरीनं बांधलेला लायटर, म्हणजे घरी काडेपेटी किंवा लायटर सापडायची भीती नाही. समोरच्या बरणीत मिंटच्या गोळ्या, शेजारी बडीशेपेची पुडी. गुन्हा आणि पुरावा नष्ट करायची सोय एकाच काउंटरवर. (मिंट फक्त तोंडाचा वास झाकतं. बोटांना, केसांना आणि बॅगेच्या पट्ट्याला धुराचा वास तासन्‌तास राहतो, पण तो ओढणाऱ्याला स्वतःला येत नाही.) पैसे शक्यतो रोख. मुलाचं यूपीआय बापाच्या खात्याला जोडलेलं असलं तर व्यवहार दिसतो, म्हणून मोठा मित्र स्कॅन करतो आणि बाकीचे त्याच्या हातावर सुटे टेकवतात.

उधारीची वही हा स्वतंत्र विषय आहे. मुलाची उधारी चालू झाली की तो गिऱ्हाईक राहत नाही, बांधलेला माणूस होतो. चाळीस-पन्नास रुपये थकले की टपरी टाळता येत नाही, टाळली तर घरी कळेल ही धास्ती. ही ओळख मुळात कधी होते ते पाहिलं तर बहुतेक वेळा घरातूनच होते. ‘जा रं, पुडी घेऊन ये’ म्हणून बापानं किंवा आजोबांनी आठ-दहा वर्षांच्या पोराला पिटाळलेलं असतं. पानवाला त्याला नावानं ओळखतो, ब्रँड विचारत नाही. वडिलांसाठी आणायला पाठवलं तरी कायद्यानं ती अल्पवयीनाला केलेली विक्रीच ठरते, हे दोन्ही बाजूंना माहीत नसतं किंवा माहीत करून घ्यायचं नसतं.

पुडीवरून आठवलं. सिगारेटवर एवढं लिहायचं आणि माव्याला सोडायचं, हे या भागात चालणार नाही. 2016-17 च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धुराविना तंबाखू वापरणारे 24.4 टक्के होते आणि धूम्रपान करणारे अवघे 3.8 टक्के. इथल्या बऱ्याच पोरांची सुरुवात सुपारीपासून होते, मग सुगंधी सुपारी, मग मावा : बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून. चुन्यानं तंबाखूतलं निकोटीन लवकर मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून भराभर शोषलं जातं. चुन्यानं आणि सुपारीनं गालाला बारीक जखमा होतात त्या वेगळ्या. धूर नाही, वास कमी, वर्गातही गालात राहतो. घरात बायका मिश्री लावतात, दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर निपाणी, तिथल्या तंबाखूवर आणि विडीवर कैक घरांचं पोट चाललेलं. अशा मुलखात तंबाखू ही बाहेरून आलेली चीज वाटतच नाही. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. मावा हातानं तयार होतो, म्हणून त्याच्यावर ना कंपनीचं नाव, ना इशारा.

मांडणीकडे येऊ. सिगारेटची पाकिटं पानवाल्याच्या खांद्यामागे, ओळीनं, नजरेच्या उंचीवर. पुढ्यात चॉकलेटं, वेफर्स, गोळ्या. चौथीतलं पोर गोळीसाठी येतं तेव्हा त्याची मान वर होते आणि नजर त्याच भिंतीवर जाते. सात-आठ वर्षं रोज बघितलेलं पाकीट पंधराव्या वर्षी अनोळखी राहत नाही. नियम याच्या बरोबर उलट आहेत. विक्रीच्या ठिकाणच्या बोर्डाचं माप जास्तीत जास्त 60 बाय 45 सेंटिमीटर, त्यावर ब्रँडचं नाव किंवा पाकिटाचं चित्र नको, मागून दिवा नको. अल्पवयीनांच्या सहज हाताला लागेल असा माल मांडायचा नाही. ‘18 वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे दंडनीय अपराध आहे’ हा किमान 60 बाय 30 सेंटिमीटरचा फलक दर्शनी जागी हवा. बऱ्याच ठिकाणी हा फलक असतो, पण त्याच्यावर वेफर्सच्या माळा टांगलेल्या असतात. टपरीच्या पत्र्याचा रंग, छत, दिव्याची पट्टी हे सगळं एखाद्या ब्रँडच्या रंगसंगतीत असलं की नाव लिहायची गरज राहत नाही. त्यात पानमसाला आणि वेलचीच्या जाहिराती क्रिकेटच्या मॅचमधून घरोघरी पोचलेल्या, त्यामुळे ओळख करून द्यायची बाकी नसतेच. सिनेमातल्या हिरोबद्दल फार लिहीत नाही. ओटीटीवरही सप्टेंबर 2023 पासून इशारा दाखवणं बंधनकारक आहे, पण इशारा येतो कोपऱ्यात आणि धूर येतो अख्ख्या पडद्यावर.

गिऱ्हाईक टिकवण्यात हे दुकान अव्वल, आणि त्याचं श्रेय रसायनाला. झुरका घेतल्यावर निकोटीन मेंदूत पोचायला दहा ते वीस सेकंद लागतात. रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग चिडचिड, अस्वस्थपणा, पुस्तकात लक्ष न लागणं सुरू होतं. पुढची सिगारेट ओढली की ते थांबतं आणि मुलगा म्हणतो, ‘टेन्शन गेलं.’ गेलेलं टेन्शन मागच्या सिगारेटनं दिलेलं असतं. बारावीच्या, सीईटीच्या वर्षात ही फसगत सगळ्यात जास्त होते, कारण टेन्शन खरोखरच असतं आणि दोन्ही टेन्शनं वेगळी ओळखू येत नाहीत. या वयात मेंदूचा लगाम लावणारा भाग अजून घडत असतो, तो पंचविशीच्या आसपास पुरा होतो. त्यामुळे रोज ओढायला लागण्याआधीच, आठवड्याला दोन-चार सिगारेटींवरसुद्धा, काही मुलांना ओढ लागलेली असते. ‘मी कधीतरीच ओढतो’ हे वाक्य म्हणूनच फसवं.

स्पर्धक दुकानं आहेत का? आहेत, आणि याच शहरात आहेत. गंगावेशीतला दुधाचा कट्टा घ्या. म्हैस डोळ्यांसमोर पिळली जाते, धारोष्ण दुधाचा पेला हातात, आजूबाजूला चार माणसं उभ्यानं गप्पा मारताहेत. दूध कोल्ड्रिंकची दुकानं घ्या. टपरी मुलाला जे मुख्य देते, म्हणजे उभं राहायला जागा आणि मोठ्यांत मिसळल्याचा मान, ते इथंही मिळतं. उणीव दोनच : वेळ आणि अंतर. दुधाचा कट्टा भरतो ठरलेल्या वेळी, क्लास सुटतो भलत्याच वेळी आणि भलत्याच भागात. क्लासच्या इमारतीतच तळमजल्याला बाकडी आणि पिण्याचं पाणी ठेवलं तरी टपरीचे निम्मे गुण कमी होतील. कॅन्सरचे फोटो भिंतीवर लावून ते होत नाही. पंधराव्या वर्षी पन्नाशीतला कॅन्सर कुणाला दिसतो? बोटांचा वास आणि मैदानावर लागणारा दम दिसतो, म्हणून बोलायचं तर त्यावर बोलावं.

कायदा पाळण्यात दुकान नापास. 2003 च्या कोटपा, म्हणजे तंबाखू नियंत्रण कायद्याचं कलम 6 सांगतं : 18 वर्षांखालच्याला विक्री नाही आणि शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत विक्री नाही. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर, मोठ्या माणसाची साधारण सव्वाशे पावलं. इथं मोजणीत हमखास चूक होते. लोक गेटापासून रस्त्यानं मोजतात. नियम आहे कंपाउंडच्या बाहेरच्या भिंतीपासून, सरळ रेषेत, चहूबाजूंनी. म्हणजे मागच्या बोळातली टपरी गेटापासून वळसा घालून दोनशे मीटर पडली, तरी भिंतीपासून चाळीस मीटरवर असेल तर ती हद्दीत आली. मोबाइलच्या नकाशावर भिंतीच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं आणि ‘अंतर मोजा’ निवडायचं, दोन मिनिटांचं काम आहे. तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांत या अंतरावर रस्त्यावर पिवळी रेषा मारायला सांगितलं आहे. पेठांमध्ये शाळा इतक्या जवळजवळ आहेत की ही वर्तुळं एकमेकांत शिरतात.

दंड मात्र बघण्यासारखा : कलम 6 मोडलं तर 200 रुपयांपर्यंत. दिवसभराच्या धंद्यात तो भाड्यासारखा धरला जातो. तक्रार लिहिताना म्हणून बालन्याय कायदा, 2015 चं कलम 77 जरूर लिहावं. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तक्रार शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीनं, जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायची. सोबत नकाशावरच्या अंतराचा स्क्रीनशॉट आणि टपरीचा फोटो जोडायचा. फोटोत मुलांचे चेहरे येऊ द्यायचे नाहीत. पुराव्यासाठी मुलालाच सिगारेट आणायला पाठवायचं, हा आगाऊपणा अजिबात करू नये.

जो मुलगा आधीच गिऱ्हाईक झाला आहे त्याच्यासाठी पाकिटावरची हेल्पलाइन, 1800-11-2356. फोन मोफत, मराठीत बोलता येतं, सकाळी 8 ते रात्री 8, सोमवारी बंद. त्रुटी एकच, घरात सगळ्यांसमोर मुलगा फोन करणार नाही, त्याला तेवढा एकांत द्यावा लागतो. निकोटीनचं च्युइंगगम मेडिकलमध्ये 2 मिलिग्रॅमचं चिठ्ठीविना मिळतं, पण 18 च्या आत डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. साध्या गमसारखं सलग चघळलं तर उचकी आणि मळमळ ठरलेली. दिवसाला एक-दोन ओढणाऱ्याला बहुधा त्याची गरजही नसते. त्याला टपरीचा रस्ता बदलणं जास्त लागू पडतं.

कारवाई झाल्यावर काय होतं तेही ठरलेलं आहे. दोन दिवस टपरीवर फक्त पाणी, वेफर्स आणि चॉकलेट. तिसऱ्या दिवसापासून सिगारेट गल्ल्याखाली, ओळखीच्यालाच. हातगाडी असेल तर ती पिवळ्या रेषेपलीकडे सरकते आणि पोरंही तिच्यामागं सरकतात. म्हणून कारवाईच्या दिवशीचा फोटो काढून समाधान मानू नये. आठव्या दिवशी, संध्याकाळचे क्लास सुटायच्या वेळी तिथून एक चक्कर मारायची. फलकापुढच्या वेफर्सच्या माळा हलल्यात का, कट्ट्याखाली फिल्टरची थोटकं किती पडलीत आणि खिळ्याला लायटरची दोरी परत लटकली आहे का, एवढं बघून यायचं.